‘कुठं तरी’ की ‘तरी कुठं’? एका शब्दानं अर्थ फिरतो

२०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, पांढुर्णा-सौसरकडं, घरात मराठी अन् अर्ज हिंदीत. तिथं ‘तरी’ची जागा सांभाळावी लागते.

‘पोरगा कुठं तरी गेला’ म्हणजे ठिकाण माहीत नाही. हिंदीत ‘कहीं गया’. ‘पोरगा गेला तरी कुठं?’ हा काळजीचा प्रश्न. हिंदीत ‘आखिर गया कहाँ?’ इंग्रजीत हाच जोर ‘व्हेअर ऑन अर्थ’ देतं. त्याचं ‘पृथ्वीवर कुठं’ करू नये. ‘बरं’ मात्र प्रश्न मवाळ करतं: ‘काहून बरं आला नाही?’

हरवल्याचा अर्ज लिहून देताना आईचे शब्द नीट ऐका. पहिल्या वाक्यात ती माहिती सांगते, दुसऱ्यात ‘शोधा’ म्हणते.