मत्स्यालयाचा जमाखर्च

२०१५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने आम्ही सहकुटुंब मुंबईस गेलो होतो आणि मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहावयास शिरलो होतो. त्याच वर्षी ३ मार्च रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांच्या हस्ते ते नव्या रूपात खुले झाले होते. आत बारा फूट लांबीचा एक पारदर्शक बोगदा होता. माणसे खालून चालत आणि मासे त्यांच्या डोक्यावरून पोहत. माझा सात वर्षांचा नातू त्या बोगद्यात उभा राहिला तो हलेचना. त्या साली मराठवाड्यात दुष्काळ होता. आमच्याकडे टँकर आला म्हणजे घागरी घेऊन सारी गल्ली धावत असे. पोराने वर पाहिले आणि विचारले, "आजोबा, एवढं पाणी नुसतं माशांना?" मी काही बोलण्याच्या आत दुसरा प्रश्न आला, "हे बांधलं कुणी?"

दुसरा प्रश्न सोपा वाटला म्हणून मी म्हणालो, "तारापोरवालांनी." नाव दारावरच होते. पुढे घरी आल्यावर थोडे वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की माझे उत्तर चौथाईच खरे होते.

हे मत्स्यालय १९५१ साली उभे राहिले, ते आठ लाख रुपये खर्चून. त्यांतले दोन लाख तारापोरवाला ह्या पारशी दात्याने दिले. दोन लाख ही त्या काळी लहान रक्कम नव्हे, आणि मुंबईच्या कित्येक इस्पितळांवर, धर्मशाळांवर व पाणपोयांवर पारशी दातृत्वाची अशी मोहोर उमटलेली आहे. पण उरलेले तीन वाटे सरकारी तिजोरीतले, म्हणजे लोकांचे. एका वाट्याचे नाव दारावर लागले, तीन वाट्यांचे कोठेच लागले नाही. ह्यात दात्याचा दोष नाही. दाता हा एक असतो, म्हणून त्याचे नाव लिहिता येते. कर भरणारे लाखो असतात, त्यांच्यासाठी पाटी पुरावयाची कोठून? २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद ह्यांच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि पुढे राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने ते चालविले.

त्या दिवशी आमची परभणी कोठे होती? मुंबई राज्यात नव्हतीच. ती हैदराबाद संस्थानातून नुकत्याच झालेल्या हैदराबाद राज्यात होती. आमच्या बाजारात तेव्हा हाली शिक्का चालत असे, आणि सहा कलदार रुपयांना सात हाली मोजावे लागत. म्हणजे मुंबईच्या आठ लाखांचे आमच्या हिशेबाने नऊ लाख तेहेतीस हजारांवर हाली झाले असते! परभणीचा माणूस मुंबईस निघाला तर छोट्या रुळाच्या गाडीने मनमाडपर्यंत जावे आणि तेथे गाडी बदलावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्या दिवसापासून, ज्यांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता अशी आमची माणसे त्या खाऱ्या पाण्याच्या खर्चाची वाटेकरी झाली.

आता पैसा मिळाला म्हणजे मत्स्यालय झाले, असे नाही. ही वास्तू दिसते त्याहून अवघड आहे. लोकांसाठी पहिले मत्स्यालय लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली उघडले. काचेच्या घरात काचेच्या टाक्या मांडल्या होत्या. चोहोकडून ऊन येई, पाणी तापे आणि शेवाळ माजे. पुढे विल्यम लॉइड नावाच्या माणसाने ह्यातून वाट काढली. पाहणारा अंधारात उभा राहावा आणि उजेड टाकीवर वरून पडावा. शिवाय टाक्यांच्या कित्येक पट पाणी खाली काळोख्या हौदात साठवून ते अहोरात्र फिरत ठेवावे, अशी त्याची रचना. आपण मत्स्यालयात शिरतो तेव्हा डोळ्यांना जो गारवा लागतो, तो पुष्कळसा ह्या रचनेचा.

मासा पाण्यात राहतो आणि त्याच पाण्यात घाणही करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो माशालाच विषासारखा असतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत जाणार कोठे? म्हणून गाळण्या हव्यात, घाण पचविणारे सूक्ष्म जंतू हवेत, पाण्यात हवा सोडणारी यंत्रे हवीत. वाचनालय रात्री कुलूप लावून बंद करता येते. मत्स्यालयाच्या पंपाला दिवाळीचीदेखील सुट्टी नाही. बोगद्याचे गणित तर आणखी निराळे. पाण्याखाली तीन मीटरांवर चौरस मीटरमागे तीन टन भार असतो. तो पेलण्यासाठी साध्या काचेऐवजी ॲक्रिलिकच्या जाड कमानी वापरतात.

खर्च मोठा म्हणून थाटही मोठाच लागतो, असे मात्र नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंडला केली टार्लटन नावाच्या पाणबुड्याने १९८५ साली ॲक्रिलिकचा लांबलचक बोगदा केला, तो सांडपाण्याच्या टाकून दिलेल्या टाक्यांत! इटलीतील नेपल्सची कथा तर खजिनदारांनी मुलाबाळांना सांगावी अशी आहे. अंतोन डोर्न ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाला तेथे समुद्रजीवनाच्या अभ्यासाचे केंद्र काढावयाचे होते. नगरपालिकेने समुद्रकाठची जागा दिली, पैसा बराचसा डोर्नने घरचा घातला. पण केंद्र बांधून भागत नाही, ते चालले पाहिजे, हे त्याने आधीच ओळखले. तळमजल्यावर मत्स्यालय ठेवून ते १८७४ साली लोकांना खुले केले, आणि तिकिटाचा पैसा वरच्या प्रयोगशाळेस लावला. शिवाय संशोधकांची टेबले निरनिराळ्या सरकारांना व विद्यापीठांना वार्षिक भाड्याने दिली. देणगी एकदाच येते, भाडे दरसाल येते, एवढाच त्यातला धडा.

आपल्याकडे हा धडा आपण निम्माच गिरवला. मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ सालीच एक मत्स्यालय निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडले. मुंबईचे मात्र टिकले, आणि तीन पिढ्यांनी ते पाहिले. २०१५ साली त्याच्या नूतनीकरणास सुमारे २२ कोटी रुपये लागले. दिवे नवे, टाक्या नव्या, बोगदा नवा. पण अंगावरचा सदरा नवा झाला म्हणून हाडे नवी होत नाहीत. खारा वारा सिमेंटच्या आत शिरतो, लोखंडाच्या सळया गंजून फुगतात आणि भिंत आतून तडकते. ज्या समुद्रासाठी वास्तू बांधली, तोच तिला पोखरीत असतो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे मत्स्यालयाचे दार मिटले. साथ ओसरली, तरी दार उघडले नाही, कारण मधल्या काळात इमारतच कमकुवत झाल्याचे दिसून आले. २२ कोटींचा तमाशा लोकांच्या वाट्यास पुरती पाच वर्षे आला.

नातवाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नव्हते. ते आता देता येईल असे वाटते. तहानलेल्या मुलखाच्या पैशाने माशांना पाणी पाजावे काय? माझ्या मते, पाजावे. टाकीतले पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरते. त्याने कोणाची घागर रिकामी राहत नाही. आणि ज्या पोराने गंगाखेडला गोदावरीचे कोरडे पात्र पाहिले, त्याला एकदा डोक्यावरून वाहणारे पाणी दिसले तर ते सरकारी पैशाचे सोनेच झाले. परंतु एका अटीवर. दार उघडे राहिले पाहिजे. बांधण्याचा आकडा जाहीर करताना दरसाल जपण्याचा आकडाही त्याच कागदावर लिहिला पाहिजे, आणि सोहळ्याची फीत कापण्याआधी खांबांची तपासणी झाली पाहिजे. तसे नसेल, तर पोराचा प्रश्न बरोबर होता आणि आपण सारे चुकलो.

पुन्हा कधी नवे मत्स्यालय बांधले गेलेच, तर आणखी एक मागणे. एका कोपऱ्यात गोदावरी-पूर्णेचीही एक टाकी असावी. तीत आमचा मरळ असावा, वाम असावी. तसे मासे रंगाने काही फार देखणे नसतात. पण येलदरीच्या धरणावर जाळे टाकणाऱ्या भोयाचे पोर मुंबईस आले, तर त्या टाकीपुढे उभे राहून चार लोकांना ते सांगू शकेल, "हा आमच्याकडचा." मग तीन वाट्यांची पाटी दारावर लागली नाही, तरी चालेल.

नातू आता मोठा झाला आहे. मत्स्यालयाचा विषय निघाला की तो बोगद्याचे वर्णन अजून हातवारे करून सांगतो. त्याची धाकटी बहीण ऐकत असते. तिने ते पाहिलेले नाही. परवा फराळाची ताटे वाढीत असताना तिने विचारले, "आजोबा, मला कधी दाखवाल?" ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्या एकट्याच्या हाती नाही.