कचेरी भरण्यापूर्वीचे महाविद्यालय

1857 साली, उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला असताना, जुलै महिन्याच्या 18 तारखेस मुंबई विद्यापीठाचा कायदा मंजूर झाला, हा योगायोग आपल्या इतिहासलेखकांनी इतक्या वेळा सांगितला आहे की त्याच्याआड राहिलेली, आणि माझ्या मते सामान्य माणसाच्या आयुष्यावर अधिक परिणाम करणारी, दुसरी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चार्ल्स वुडच्या 1854 च्या खलित्याने हिंदुस्थानातील भावी विद्यापीठांपुढे लंडन विद्यापीठाचा नमुना ठेवला होता. विद्यापीठाने स्वतः शिकवावयाचे नाही, परीक्षा घ्यावयाच्या आणि पदव्या द्यावयाच्या. अध्यापनाचा भार संलग्न महाविद्यालयांनी वाहावयाचा, अशी ती व्यवस्था. परंतु ज्या लंडनचा हा नमुना, त्या लंडननेच 1858 च्या नव्या सनदेने वैद्यकाखेरीज बहुतेक पदव्यांसाठी महाविद्यालयातील हजेरीची अट काढून टाकली, आणि घरी दिवा लावून अभ्यास करणाऱ्या शाळामास्तरालाही आपल्या परीक्षेस बसण्याची मुभा दिली. मुंबईने उचलला तो आदल्या वर्षापर्यंतचा नमुना, आणि मूळ धन्याने टाकून दिलेली हजेरीची अट पुढे अनेक दशके निष्ठेने सांभाळली.

या अटीलाच विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘टर्म भरणे’ म्हणत. परीक्षेचा अर्ज भरावयाचा तर महाविद्यालयाच्या प्राचार्याचा टर्म भरल्याचा दाखला हवा, आणि दाखला हवा तर दिवसा अकरा ते पाच वर्गात बसावयास हवे. ज्याच्या घरी जमीनजुमला वा पेन्शन होते, किंवा ज्याला एखाद्या संस्थानिकाची शिष्यवृत्ती मिळाली होती, त्याला हे साधे. पण रत्नागिरी जिल्ह्यातून मॅट्रिक होऊन मुंबईस आलेला, गिरगावातल्या चाळीत एका खोलीत पाच जणांबरोबर राहणारा आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावी मनिऑर्डर धाडल्याखेरीज ज्याच्या घरची चूल नीट पेटत नसे, असा मुलगा पदवीआधीची ‘प्रीव्हियस’ वा ‘इंटर’ परीक्षा होऊन कचेरीत चिकटला की त्याची पदवी कायमची अर्धवट राही. कचेरीची वेळ अकरा ते पाच आणि महाविद्यालयाची वेळही अकरा ते पाच! फोर्टातल्या राजाबाई टॉवरचे घड्याळ 1878 पासून विद्यापीठालाही तास देत होते आणि आसपासच्या कचेऱ्यांनाही. त्या दोन्ही ठोक्यांना एकच माणूस दोन ठिकाणी कसा रुजू व्हावा, याची तजवीज मात्र कोणी केली नव्हती.

अशा माणसांसाठी काही आडवाटा निघाल्या नाहीत असे नाही. वकिलीची वाट त्यांत जुनी. उच्च न्यायालयाची जिल्हा वकिलीची परीक्षा पदवीवाचून देता येत असे, आणि तिच्या तयारीसाठी लोकमान्य टिळक पुण्यात चालवीत असलेला लॉ क्लास हा त्यांच्या चरितार्थाचा आणि अनेक गरजूंच्या उत्कर्षाचा मार्ग होता. रात्रशाळांची परंपरा तर याहून जुनी. जोतीराव फुल्यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी 1855 साली पुण्यात रात्रीची शाळा काढली होती, आणि पुढे 1911 मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळच्या गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. या कामाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण रात्रशाळा माणसाला फार तर मॅट्रिकच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडीत. उंबऱ्यापलीकडच्या खोलीत दिवसा येणाऱ्यांनाच प्रवेश होता. अपवाद कायद्याच्या वर्गांचा. तेथील बहुतेक अध्यापक स्वतः वकिली करणारे असल्यामुळे सरकारी लॉ कॉलेजचे वर्ग कोर्टाच्या वेळेबाहेर भरत, आणि अध्यापकांच्या सोयीसाठी केलेल्या या व्यवस्थेचा लाभ आपसूकच नोकरदार विद्यार्थ्यांना होई. एल्‌एल. बी. झालेल्या कारकुनांची मुंबईत जी एक मोठी पिढी होऊन गेली, तिचे रहस्य हेच.

या लॉ कॉलेजचे प्राचार्यपद 1935 मध्ये डॉ. भीमराव आंबेडकरांकडे आले. अर्धवट राहिलेली पदवी म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. 1916 मध्ये बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. वर्ष उलटते न उलटते तोच शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने एक सवलत मात्र दिली होती: चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास जेथे थांबला तेथून पुढे सुरू करता येईल. परतीच्या प्रवासात वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे सामान आणि ग्रंथ, जहाज महायुद्धात शत्रूच्या पाणतीराने बुडविल्यामुळे, समुद्रतळाशी गेले. बडोद्याची चाकरी अपमानाने सोडावी लागली, आणि 1918 अखेर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा 450 रुपयांवर ते अध्यापक झाले. त्या काळी हा पगार थोडा नव्हता. तरीही परळच्या चाळीतले दोन खोल्यांचे बिऱ्हाड न सोडता, संसाराचा खर्च ठराविक रकमेत बसवून, त्यांनी पै-पैसा शिल्लक टाकला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे पाच हजारांचे कर्ज त्यात मिळवले. आणि चार वर्षांची मुदत संपण्यापूर्वी, 1920 च्या जुलैत, पत्नी व मुलाला मागे ठेवून ते लंडनला निघाले. वय एकोणतीस.

पुढच्या दिवसांची हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना विद्वत्तेपेक्षा भुकेचेच वर्णन अधिक लक्षात राहते. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचे दार उघडण्याच्या आधी जाऊन उभे राहावयाचे, दार बंद होईपर्यंत बसावयाचे, दुपारच्या जेवणाला बहुधा फाटा द्यावयाचा, आणि रात्री अभ्यास लांबला की एका परिचिताने दिलेले पापड भाजून पोट मारावयाचे. 1921 मध्ये एम. एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टरी, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांच्या सूचनेनुसार मुंबईत बसून पुन्हा लिहून दिल्यावर 1923 अखेर डी. एस्सी. विद्यापीठाने चार वर्षांची मुदत दिली नसती, तर हे सारे घडले असते काय? थोर माणसाच्या जिद्दीचे कौतुक करताना आपण त्या मुदतीच्या कागदाला विसरतो. जिद्द ज्याची त्याची असते. मुदत कोणी तरी द्यावी लागते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी या आंबेडकरांच्या संस्थेने 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते या अनुभवाचे फळ होते असे मी समजतो. आरंभीचे वर्ग मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत भरले. पुढे दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या आनंद भवन व बुद्ध भवन या इमारतींत महाविद्यालयाने बस्तान बसवले. पहिले प्राचार्य अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर हे एल्फिन्स्टन महाविद्यालयातून आलेले संस्कृतचे नामांकित पंडित होते. या संस्थेच्या सामाजिक महत्त्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या वेळापत्रकाविषयी फारसे नाही. नोकरी करणाऱ्यांना कचेरी उघडण्यापूर्वी शिकता यावे म्हणून येथे सकाळचे वर्ग ठेवले होते, आणि जागाही अशी की वर्ग सुटल्यावर फोर्टातल्या कोणत्याही कचेरीत पायी पोहोचता यावे. 1953 मध्ये वाणिज्य आणि 1956 मध्ये कायद्याचे महाविद्यालय संस्थेने जोडले. टपाल खाते, रेल्वे, महापालिका, विमा कंपन्या, पेढ्या यांतून काम करणारे, जातीने आणि भाषेने नाना तऱ्हेचे लोक या बाकांवर शेजारी बसत, आणि त्यांतले कित्येक जण शिकविणाऱ्यापेक्षा वयाने वडील असत.

त्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जात असे, हे मुंबईकराला समजावून सांगण्याची गरज नाही. पहाटे नळाला पाणी येताच अंघोळ उरकून, काळोखातच कल्याण वा ठाण्याहून गाडी धरावयाची. लाकडी बाकावर वही मांडीवर घेऊन कालच्या टिपणांवर नजर फिरवावयाची. बोरीबंदरला उतरून वर्ग गाठावयाचा. शेवटच्या तासाला प्राध्यापक रंगात आले की मागच्या रांगेतली माणसे मनगटाकडे पाहू लागत, कारण हजेरीपटावर साहेबाची लाल रेघ पडण्याआधी सही व्हावयास हवी. डब्याची सुट्टी ही अभ्यासाची खरी वेळ. जिन्याखालच्या कोपऱ्यात एका हातात पोळीचा घास आणि दुसऱ्या हातात अर्थशास्त्र. सरकारी नोकर असेल तर शिकण्यासाठी खातेप्रमुखाची लेखी परवानगी लागे, आणि परीक्षेच्या तोंडावर रजेचा अर्ज टाकताना हेड क्लार्कचा चेहरा वाचण्याची विद्या पाठ्यपुस्तकाहून कठीण. बदलीचा हुकूम निघाला की मग पुन्हा एक टर्म बुडाली! घरी परतल्यावर मुलांचे अभ्यास, पाहुणे, आजारपणे. आणि त्या एका खोलीत रात्री दिवा जळत राहिला की ज्यांची झोप मोडे, त्या पत्नीचे आणि आईचे नाव पदवीदानाच्या यादीत कोठेही छापले जात नाही.

यापुढचा इतिहास माहितीतला आहे. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये टपालाने शिकविण्याचा उपक्रम आरंभिला, मुंबई विद्यापीठाने 1971 मध्ये. पुण्याकडे ‘बहिःस्थ’, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देणाऱ्या, विद्यार्थ्यांची परंपरा रुजली. आणि 1 जुलै 1989 रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात मराठीतून स्वयं-अध्ययनाची पुस्तके तयार झाली, आणि रविवारी इतर महाविद्यालयांच्या रिकाम्या खोल्यांत संपर्कसत्रे भरू लागली. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे येण्याची वाट ठेवलेली होती. पोलीस शिपाई फौजदारपदाच्या परीक्षेस पात्र व्हावा म्हणून, आणि वाहक, ग्रामसेवक किंवा लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या गृहिणी आपापल्या कारणांनी, या वाटेने चालत आल्या. ज्या हजेरीच्या भिंतीला सकाळच्या वर्गांनी खिडकी पाडली होती, ती येथे बव्हंशी जमीनदोस्त झाली.

तरीही एका बाबतीत माझे मत सकाळच्या वर्गांच्या बाजूने आहे. टपालाने पुस्तक येते, सोबत येत नाही. आपल्यासारखाच झोप अपुरी झालेला दुसरा कोणी शेजारी जांभई आवरीत बसला आहे, हा दिलासा घरी एकट्याने वाचणाऱ्यास मिळत नाही, आणि अर्ध्यावर सोडून देणाऱ्यांत ही उणीव मोठी असावी, असा माझा तर्क आहे. शिवाय अशा पदव्यांकडे नाक मुरडून पाहण्याची जी खोड आपल्या निवडसमित्यांना जडली आहे, तिला काय म्हणावे? बावीस वर्षांच्या मुलाने वडिलांच्या पैशावर मिळवलेला दुसरा वर्ग आणि चाळीस वर्षांच्या माणसाने संसार ओढीत मिळवलेला दुसरा वर्ग यांत कमी कोणता, हे ठरविण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

विद्यापीठांच्या शताब्दीग्रंथांत कुलगुरूंची चित्रे असतात, इमारतींचे नकाशे असतात, देणगीदारांच्या नामावल्या असतात. नोकरी सांभाळून शिकलेल्यांचा वृत्तांत त्यांत क्वचितच सापडतो. तो आहे घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत: जुनी प्रवेशपत्रे, फीच्या पावत्या, साहेबाच्या सहीचे परवानगीचे कागद, वर्गमित्राने उतरवून दिलेली टिपणे. वाचकांपैकी कोणाच्या वडिलांनी, आजोबांनी वा आईने या मार्गाने पदवी घेतली असेल, तर ते कागद रद्दीत घालू नका. त्यांच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि ती व्यक्ती हयात असेल तर तिची हकीकत तिच्याच तोंडून, आजच लिहून घ्या.