मार्सेलिस प्रकरणातील पत्रव्यवहार : एक वाचन

नाशिकच्या अर्वाचीन इतिहासाची चर्चा निघाली की विजयानंद नाट्यगृहातील २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीचा उल्लेख हटकून होतो. ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. इथवरची हकिकत सर्वपरिचित आहे. मात्र याच खटल्याचा एक धागा लंडन, पॅरिस आणि हेगपर्यंत गेला आणि त्यातून इंग्लंड व फ्रान्स यांच्यात राजनैतिक पत्रव्यवहार घडला. मार्सेलिसची उडी आपल्याकडे दंतकथेसारखी सांगितली जाते. तिच्या मागेपुढे लिहिली गेलेली पत्रे मात्र दुर्लक्षित राहतात. आम्हांला तीच अधिक बोलकी वाटतात.

भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये अटक झाली. जॅक्सनवधास साहाय्य केल्याचाही आरोप त्यांच्यावर होता. १ जुलैला ‘मोरिया’ बोट त्यांना घेऊन निघाली. त्याआधीच, २९ जून रोजी, लंडनच्या पोलीसप्रमुखांनी पॅरिसमधील आपल्या समकक्ष अधिकाऱ्यास पत्र लिहून हा बंदी मार्सेलिसला येत असल्याचे कळवले होते. ४ जुलैला फ्रेंच गृहखात्याने स्थानिक प्रशासनास तशी तार केली. ८ जुलैच्या सकाळी सावरकर बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उतरून किनाऱ्याला लागले. तेथे एका फ्रेंच शिपायाने त्यांना पकडले आणि बोटीवरून आलेल्या तिघांच्या मदतीने परत बोटीवर पोहोचवले. पॅरिसचे उत्तर लिहिले गेले ९ जुलैला. बंदीच्या मुक्कामात काही अनुचित प्रकार घडू नये म्हणून आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत, असा त्याचा आशय. प्रकार आदल्या दिवशीच घडून गेला होता!

फ्रेंच भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय आरोपीस प्रत्यर्पणाच्या विधीवाचून परक्यांच्या हाती दिले गेले, यावर फ्रान्समध्ये टीका झाली. मार्क्सचे नातू जाँ लाँग्वे यांनी ‘ल्युमानिते’तून हा प्रश्न लावून धरला. फ्रेंच सरकारने बंदी परत मागितला. परंतु १९०४ पासून दोन्ही देशांत सलोख्याचा करार होता आणि जर्मनीच्या वाढत्या बळापुढे तो उभयतांना जपायचा होता. २५ ऑक्टोबर १९१० रोजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे आणि राजदूत पॉल कांबाँ यांनी हा वाद हेगच्या लवादाकडे सोपवण्याच्या करारावर सह्या केल्या. लवादापुढे प्रश्न एकच होता : सावरकरांना फ्रान्सच्या स्वाधीन करावे की न करावे?

२४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा मुळातून वाचण्याजोगा आहे. बेर्नार्ट यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यांनी शिपायाच्या कृतीत अनियमितता झाल्याचे मान्य केले. पण कपट वा बळजबरी झालेली नसताना, परक्या देशाच्या नोकराच्या चुकीपायी बंदी परत करण्याचे बंधन घालणारा कोणताही आंतरराष्ट्रीय नियम नाही, असा निर्णय दिला. या तर्कात २९ जून व ९ जुलैच्या त्या दोन साध्या पोलिसी पत्रांचे वजन मोठे होते. मंत्र्यांचे आणि राजदूतांचे मसुदे एका बाजूला राहिले. शिवाय मुंबईच्या विशेष न्यायासनाने हेगची वाट पाहिलीच नव्हती. डिसेंबर १९१० मध्ये आणि ३० जानेवारी १९११ रोजी, निवाड्यापूर्वीच, दोन जन्मठेपा सुनावल्या गेल्या होत्या.

साहित्याच्या अभ्यासकांनी या कागदांकडे वळावे ते त्यांतील व्याकरणासाठी. येथे ‘आम्ही’ म्हणजे सरकार, ‘आपण’ म्हणजे दुसरे सरकार. आणि ज्याच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा तो अखेरपर्यंत तृतीय पुरुषातच राहतो. हेगला पक्षकार दोन राष्ट्रे होती. बंदीला तेथे स्थान नव्हते. तो ‘परत करण्याची’ वा ‘न करण्याची’ बाब होता, क्रियापदाचे कर्म होता. त्याच माणसाचा प्रथमपुरुषी एकवचनी आवाज वाचकांपुढे ग्रंथरूपाने आला तो ‘माझी जन्मठेप’मधून, १९२७ साली.

सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयी मतभेद आहेत आणि ते राहणारच. या प्रकरणाचे वाचन त्या वादावर अवलंबून नाही. पत्रवाङ्मय शिकवताना आपण जिव्हाळ्याच्या पत्रांवर थांबतो. ज्यांत जिव्हाळ्याचा लवलेश नाही अशी सरकारी पत्रेही माणसाचे भवितव्य लिहीत असतात. ती वाचताना कोण कोणाशी बोलतो आहे याइतकेच कोणाला बोलूच दिलेले नाही हेही पाहिले पाहिजे.