लोकलच्या मोटरची मर्यादा : 1500 ते 25,000 व्होल्ट

3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विजेची गाडी धावली. जानेवारी 1928 मध्ये पश्चिमेकडील विद्युतीकरण अंधेरी ओलांडून बोरिवलीपर्यंत पोहोचले, तर 1930 पर्यंत मध्य मार्गावर ते घाटकोपर आणि मुलुंडच्याही पुढे पुण्यापर्यंत गेले. या सर्व मार्गांसाठी 1500 व्होल्टचा दिष्ट प्रवाह, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज, निवडण्यात आला. त्या काळच्या मोटरींना सोयीची असलेली ही निवड पुढे सुमारे ऐंशी वर्षे उपनगरी गाड्यांच्या शक्तीची कमाल सीमा ठरली.

थांबलेल्या डीसी मोटरला पूर्ण विद्युतदाब एकदम दिला, तर ती बेसुमार प्रवाह ओढते. म्हणून सुरुवातीला मोटरी एकसरीत जोडून त्यांच्या मार्गात रोध घातले जात आणि वेग वाढेल तसे ते रोध टप्प्याटप्प्याने, मोटरमनच्या भाषेत नॉचनॉचने, काढले जात. हे काम पुढे कॅमशाफ्ट, म्हणजे फिरत्या दंडावरील उंचवट्यांनी स्विच क्रमाने उघडणारी यंत्रणा, आपोआप करू लागली. प्रवाह ठरलेल्या मर्यादेखाली उतरल्याखेरीज पुढचा नॉच लागू नये, अशी राखण प्रवाह-मर्यादक रिले करीत असे. ही मर्यादा वाढवणे म्हणजे केवळ एका रिलेची मांडणी बदलणे नव्हते, कारण तसे केल्यास चाके रुळावर घसरत, मोटरच्या दिक्परिवर्तकावर, म्हणजे कम्युटेटरवर, ठिणग्या उडत किंवा उपकेंद्राचा ब्रेकर पडत असे.

खरा अडसर मात्र गाडीच्या बाहेर, वरच्या तारेत होता. समजा एखाद्या बारा डब्यांच्या गाडीला 3000 किलोवॅट शक्ती हवी असेल, तर 1500 व्होल्टवर तिला 2000 अँपिअर प्रवाह लागतो, आणि तारेतील ऊर्जेचा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने उपकेंद्रे थोड्याथोड्या अंतरावर उभारावी लागतात. हीच शक्ती 25,000 व्होल्टवर साधारण 120 अँपिअरमध्ये मिळते. गाड्या लांबत गेल्या आणि त्यांच्यातील अंतर घटत गेले, तसे हे गणित टाळणे अशक्य झाले आणि तारेचा दाब 25,000 व्होल्टवर नेण्याचे काम हाती घ्यावे लागले.

तरीही लाखो प्रवाशांची वाहतूक बंद ठेवून तार बदलणे शक्य नव्हते, आणि या कामाचा सर्वांत कौतुकास्पद भाग याच अडचणीतून जन्मला. मुंबई रेल्वे विकास महामंडळाच्या प्रकल्पातून 2007 पासून आलेल्या सीमेन्सच्या विद्युत उपकरणांच्या गाड्या दोन्ही दाबांवर चालत. त्यांच्यातील त्रिकला मोटरींचा वेग रोध जाळून नव्हे, तर अर्धवाहक स्विचांनी प्रवाहाची वारंवारता आणि दाब बदलून राखला जाई. शक्तीची मर्यादा आता संगणकीय नियंत्रकातील आकडा झाली असली, तरी तो आकडा स्विच किती उष्णता सोसू शकतात यावरच ठरत होता. ब्रेक लावताना हीच मोटर जनित्र बनून वीज परत तारेत पाठवू लागली.

पश्चिम मार्गाचे रूपांतर फेब्रुवारी 2012 मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे जून 2015 मध्ये, तर हार्बरचे एप्रिल 2016 मध्ये पूर्ण झाले. 25,000 व्होल्टच्या तारेभोवती अधिक मोकळी जागा सोडावी लागत असल्याने दक्षिण मुंबईतील जुने, बुटके पूल या कामात अखेरपर्यंत आडवे येत राहिले. त्यांपैकी सँडहर्स्ट रोडजवळील हँकॉक पूल जानेवारी 2016 मध्ये पाडण्यात आला.