कॉलेजचे फिजिक्स आणि कॅल्क्युलस : गृहपाठ अडला तर मदत कशी घ्यावी



बारावीला चांगले गुण मिळवलेली मुले बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फिजिक्स आणि गणितात अडखळतात, हे आपल्या इंदूरच्या अनेक मराठी घरांत पाहायला मिळते. कोचिंग संपलेले असते, वर्ग मोठे असतात आणि शाळा हिंदी माध्यमात झाली असेल तर पुस्तक एकदम इंग्रजीत समोर येते. आम्ही स्वतः बी.कॉम. आणि सारी नोकरी बँकेत. पण धाकट्या भावाच्या मुलीमुळे या विषयात लक्ष घालावे लागले. तेव्हा जे कळले ते सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

तिला गृहपाठात दर वेळी पैकीच्या पैकी गुण होते. पहिल्या अंतर्गत परीक्षेत मात्र तीसपैकी सात आले. चौकशी केली तेव्हा समजले की गणिताचा फोटो मोबाइलवर काढायचा आणि आलेले उत्तर वहीत उतरवायचे, असा क्रम चालू होता. ती म्हणाली, "काका, उत्तर वाचताना सगळं कळतं. कोरा कागद समोर आला की काही सुचत नाही." मदत तिला मिळत होती, पण ती चुकीच्या जागी मिळत होती.

मदत मागण्यापूर्वी

बँकेत संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर शेजारच्या शाखेची बेरीज आणून लिहीत नाहीत. एकेक नोंद पुन्हा तपासतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असावी, म्हणजे ५४ च्या जागी ४५ लिहिले असावेत, असा पहिला संशय घेतात. गृहपाठातही हीच पद्धत उपयोगी पडते. मदत मागण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : काय दिले आहे, काय काढायचे आहे, कोणते सूत्र लागेल असे वाटते आणि नेमके कोठे अडले. आकृती जरूर काढावी. निम्मी गणिते आकृती काढतानाच सुटू लागतात, असा आमच्या पुतणीचा अनुभव आहे.

एक उदाहरण

चेंडू सरळ वर १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला. तो किती उंच जाईल? गुरुत्वामुळे त्याचा वेग दर सेकंदाला ९.८ ने कमी होतो. म्हणजे १९.६ ला ९.८ ने भागले की २ सेकंदांनी वेग शून्य होतो. सुरुवातीचा वेग १९.६ आणि शेवटचा शून्य, म्हणून सरासरी वेग ९.८. तो २ सेकंदांनी गुणला की उंची १९.६ मीटर. कॅल्क्युलसने केले तरी हेच येते : उंचीच्या सूत्राचे डेरिव्हेटिव्ह म्हणजे वेग, आणि ते जेथे शून्य तेथे उंची सर्वांत जास्त. हिंदी पुस्तकांत यालाच अवकलज म्हणतात. दोन्ही विषयांचा गृहपाठ येथे एकच होतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

आता हाच प्रश्न शिक्षकांना कसा विचारावा? "सर, हे गणित येत नाही," असे म्हटले तर सर फळ्यावर सगळे सोडवून देतील आणि मुलगा ते उतरवून घेईल. त्याऐवजी असे विचारावे : "सर, दोन सेकंद आले. पण सर्वांत वर चेंडू क्षणभर थांबतो, तर तेथे त्वरण शून्य का धरायचे नाही?" या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांचे आहे. वेग शून्य झाला तरी पृथ्वीची ओढ चालूच असते, म्हणून त्वरण ९.८ च राहते. ते शून्य असते तर चेंडू वरच टांगून राहिला असता. पण ही दोन वाक्ये कळली की पुढची दहा गणिते सुटतात.

नेहमी होणाऱ्या चुका

• एकके न लिहिणे. उंची काढायची आणि उत्तर मीटर प्रति सेकंद येत असेल तर चूक वरच्या ओळींत आहे, हे गणित न येणाऱ्यालाही सांगता येते.
• कॅल्क्युलेटर रेडियनवर राहणे. साइन ३० अंश म्हणजे ०.५, यंत्र रेडियनवर असेल तर ते उणे ०.९८८ दाखवते. कॅल्क्युलसमध्ये उलट आहे : साइनचे डेरिव्हेटिव्ह कोसाइन हे कोन रेडियनमध्ये असेल तरच खरे.
• दिशेचे चिन्ह विसरणे. वरची दिशा धन धरली तर गुरुत्व ऋण, आणि हे शेवटपर्यंत पाळावे.
• मूळ बीजगणित कच्चे असणे. कॅल्क्युलस अवघड वाटते तेव्हा पुष्कळदा अडचण अपूर्णांक, घातांक किंवा त्रिकोणमितीत असते. अशा वेळी अकरावीचे पुस्तक पुन्हा उघडण्यात कमीपणा मानू नये.

मदत कोठे मिळते

पहिली जागा म्हणजे कॉलेजातील शिक्षक. तास संपल्यावर अर्धवट सोडवलेला कागद घेऊन गेलेल्या मुलाला बहुतेक शिक्षक परत पाठवत नाहीत. दुसरी जागा म्हणजे वरच्या वर्गातील मुले; आपण कोठे अडलो होतो ते त्यांना ताजे आठवते. तिसरी म्हणजे तीन-चार जणांचा अभ्यासगट. आधी प्रत्येकाने स्वतः प्रयत्न करावा आणि मग एकमेकांना समजावून सांगावे.

पुस्तकांत एच. सी. वर्मा यांचे दोन भागांचे 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' बारावी आणि पहिले वर्ष यांतील दरी भरून काढायला चांगले. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांनी मध्यप्रदेश हिंदी ग्रंथ अकादमीची पुस्तके इंग्रजी पुस्तकाशेजारी ठेवावीत. विनामूल्य साधनांत इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर फिजिक्स व गणिताचे पाठ आहेत. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर आहेत. खान अकॅडमीवर कॅल्क्युलस अगदी पायापासून शिकवले आहे. जिओजेब्रात सूत्र टाकले की आलेख समोर दिसतो.

मोबाइलवरील तयार उत्तरे आणि एआय यांना आमचा सरसकट विरोध नाही. मात्र तीन पथ्ये पाळावीत. पूर्ण उत्तर न मागता "पुढची एक पायरी सुचव" असे म्हणावे. मिळालेले उत्तर एकके आणि अंदाज यांनी तपासावे, कारण ही यंत्रेही ठामपणे चुकतात. आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर, काहीही न पाहता सोडवावे. ते सुटले तरच मदत पोहोचली असे समजावे.

घरच्यांनी काय करावे

विषय येत नसला तरी घरच्यांना मदत करता येते. "उत्तर आलं का?" असे न विचारता "कुठे अडलं, मला सांग," असे विचारावे. आपल्याला समजावताना मुलाला स्वतःची चूक सापडते.

आमच्यासारख्या वाणिज्यवाल्यांकडेही देण्यासारखे काही असते. पुतणीला कॅल्क्युलसमधला 'ई' हा आकडा कोठून आला ते कळत नव्हते. आम्ही तिला चक्रवाढ व्याज मांडून दाखवले. एक रुपया, दर वर्षी १०० टक्के. व्याज वर्षातून एकदा धरले तर २ रुपये होतात, सहामाही धरले तर २.२५, दरमहा धरले तर सुमारे २.६१, रोज धरले तर सुमारे २.७१. व्याज क्षणोक्षणी धरले तरी २.७१८२८ च्या आसपासच थांबते. हाच तो 'ई'. याकोब बर्नुली या गणितज्ञाने १६८३ साली चक्रवाढीच्याच प्रश्नातून तो अभ्यासला होता. पुतणी म्हणाली, "काका, हे तर लिमिट आहे!" तो शब्द आम्ही तोवर फक्त कर्जाच्या संदर्भात वापरला होता.

दुसऱ्या अंतर्गत परीक्षेत तिला तीसपैकी सोळा मिळाले. फार नाहीत, पण तिचे स्वतःचे आहेत. आपल्यापैकी ज्यांनी हे विषय शिकवले आहेत किंवा इंजिनिअर म्हणून काम केले आहे, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या वाचनालयात बसावे, अशी आमची विनंती आहे. मुलांनी येताना तयार उत्तर आणू नये. अर्धवट सोडवलेला कागद मात्र जरूर आणावा.