जुनी गाडी भंगारात देताय? आधी आरसी बघा, मग भाव ठरवा

नाते (ता. महाड) : २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर आणि आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. ज्यांचा विमा फक्त थर्ड पार्टी होता, त्यांना स्वतःच्या गाडीसाठी काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तो विमा समोरच्याच्या नुकसानीचा असतो. इंजिनात गाळ गेलेली गाडी मग दुरुस्त करणं परवडत नाही आणि विकवतही नाही. ती आंब्याखाली नाहीतर गोठ्याच्या कडेला उभी राहते. पंधरा वर्षं ओलांडलेल्या ओम्नी, जीप, मिनीडोर यांचंही तेच. कोकणातल्या पावसात उभ्या गाडीचा पत्रा दरवर्षी थोडा थोडा गळतो आणि वजनासोबत भावही उतरतो.

भंगारवाला दारात येतो, गाडीभोवती एक फेरी मारतो आणि उक्ता आकडा सांगतो. तिथेच मालक फसतो. गाडीचं रिकामं वजन आरसीवर किलोत लिहिलेलं असतं, ते आधी बघावं. मारुती ८०० चं वजन साधारण ६५० किलो असतं. बाजारात त्या दिवशी भंगार लोखंडाचा दर काय आहे, हे दोन दुकानांत फोन करून विचारावं. समजा किलोला २५ रुपये दर धरला, तर ६५० किलोचे १६ हजार २५० रुपये होतात. सगळं वजन लोखंडाचं नसतं, काच, रबर, प्लास्टिक, सीट यांचा भाग मोठा असतो, म्हणून आकडा थोडा खाली येणारच. पण हिशेब हातात असला की दहा हजारांना उक्ती मागणाऱ्याला उत्तर देता येतं.

खरा पैसा लोखंडाबाहेर असतो. बॅटरीत शिसं असतं, त्यामुळे बंद पडलेल्या बॅटरीलाही भाव येतो. नवी घेताना दुकानदार जुनी बदल्यात घेतो. अल्टरनेटर, स्टार्टर आणि वायरिंगमध्ये तांबं आहे. अलॉय चाकं आणि इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असेल तर त्याचा दर लोखंडापेक्षा बराच जास्त. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो फुकट सोडू नका. त्यात पॅलेडियम, प्लॅटिनमसारखे महाग धातू असतात आणि भंगारवाले त्याबद्दल स्वतःहून बोलत नाहीत. चालू गिअरबॉक्स, दरवाजे, चांगले टायर गॅरेजवाले घेतात. पुरात बुडालेल्या गाडीचं इलेक्ट्रिकल सामान मात्र कुणी हातात धरत नाही. काढलेलं ऑइल पऱ्ह्यात ओतू नये, तेच पाणी पुढे नदीला मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गावात गाडी कापली, पैसे घेतले, पण आरटीओच्या नोंदीत ती गाडी तुमच्याच नावावर जिवंत राहते. तिचा नंबर किंवा चॅसिस दुसऱ्या कुणी वापरला तर पोलीस आधी मालकाच्या दारात येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवून आरसी जमा करायची असते. एमएच ०६ च्या गाड्यांसाठी ते कार्यालय पेणला. कोऱ्या कागदावर सही करून आरसी भंगारवाल्याच्या हातात देणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात दोर घालून घेणं.

यातून सुटका हवी असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र. केंद्र सरकारने २०२१ मध्ये यासाठी नियम केले. परिवहन खात्याच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर केंद्रांची यादी मिळते आणि गाडी कुठल्याही राज्यातल्या केंद्रात देता येते. केंद्र वाहन प्रणालीत नोंद रद्द करून देतं आणि मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळतं. हा कागद म्हणजे दुसरी कमाई. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की स्वेच्छेने गाडी भंगारात काढून त्याच प्रकारची नवी घेतली तर करात १५ टक्के सवलत. सहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्क्यांनी ६६ हजार कर बसतो, त्यातले ९ हजार ९०० वाचतात. नव्या गाडीची नोंदणी फीसुद्धा माफ. शोरूमवाल्याला कंपनीची स्क्रॅप सवलत वेगळी विचारा, तो आपणहून सांगेलच असं नाही. स्वतः नवी गाडी घ्यायची नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरही करता येतं, म्हणून ते कपाटात टाकून विसरू नका.

केंद्राचा भाव गावच्या भंगारवाल्यापेक्षा कधी कमीही निघतो. सरकारच्या २०२१ च्या धोरणात भंगार किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली होती. त्यातून ओढून नेण्याचं भाडं जातं, म्हणून बोलताना पहिला प्रश्न तोच करावा: नाते किंवा पोलादपूरहून गाडी नेण्याचा खर्च कुणाचा? तीन-चार शेजाऱ्यांच्या गाड्या एकदम दिल्या तर भाड्यावर घासाघीस करता येते. केंद्रात द्यायची असेल तर टायर-बॅटरी आधी काढून विकू नका; अपुऱ्या गाडीचा भाव कापतात. दोन्हीकडचा आकडा घेऊनच ठरवावं.

गाडी अजून चालते आणि ठेवायचीच आहे, तर पंधरा वर्षांनंतर कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५ हजार रुपये, वीस वर्षांवरच्या कारला १० हजार. त्यावर पर्यावरण कर आणि फिटनेससाठीची दुरुस्ती वेगळी.

कागदांत आरसी, आधार, पॅन आणि बँक खात्याचा रद्द चेक लागतो. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणून तो आधी उतरवावा, कर्ज फेडून दहा वर्षं झाली तरी बोजा आपोआप उतरत नाही. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. खेड्यात सगळ्यात जास्त गाड्या याच कारणाने अडकतात, आणि मुंबईला असलेल्या भावाची सही गणपतीत तो गावी आला की घेऊन ठेवणं सोपं. फास्टॅग बंद करावा. विमा शिल्लक असेल तर उरलेल्या मुदतीच्या परताव्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा.