दप्तर सावकाराचे, पत कुळाची

पुणे जिल्ह्यातील तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजारगावी १२ मे १८७५ रोजी जो दंगा उसळला आणि पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला, त्यात सुप्याची दुकाने लुटली गेली हे खरे. परंतु एकूण उठावात जमावाची मुख्य मागणी सावकारांच्या दप्तरांची होती. खते, म्हणजे कुळाने निशाणी करून दिलेले कर्जरोखे, हाती लागतील तेथे जाळण्यात आली, आणि सावकाराने ती निमूटपणे काढून दिली तेथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले तेव्हा कुळांना कर्ज सहज मिळत होते; भाव उतरल्यावर सावकारांनी हात आखडला, आणि त्याच सुमारास शेतसाराही वाढला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताच्या आधारे दावा लावण्याचा अवधी तीन वर्षांवर आणल्यामुळे, कुळाच्या सोयीसाठी केलेल्या त्या तरतुदीतून दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेण्याची रीत पक्की झाली. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, असा दामदुपटीचा जुना नियम होता; पण नव्या खतात मागचे व्याजच मुद्दल म्हणून मांडले जाई, आणि नियम कागदावर राही. वही सावकाराची, लिहिणारा सावकाराचा, आणि कुळाजवळ बहुधा साधी पावतीही नसे. आपल्या पतीचा, म्हणजे घेतलेले कर्ज फेडण्याविषयीच्या भरवशाचा, पुरावा ज्याला वाचताही येत नाही, त्याने तो जाळावा यात नवल नाही.

या दंग्याच्या चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. शिवाय पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. आजच्या कर्जदाराच्या हक्कांची चाहूल या कलमांत लागते. सावकारांनी त्यातूनही वाट काढली आणि गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून मागण्यास सुरुवात केली, हा भाग वेगळा.

सावकाराला पर्याय म्हणून आलेल्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ग्रामीण संस्थांच्या सभासदांवर सामान्यतः अमर्याद जबाबदारी टाकली. एकाचे कर्ज बुडाले तर भार सर्वांवर, म्हणून शेजाऱ्याची ऐपत शेजाऱ्यानेच जोखावी, अशी ती योजना होती.

शहरी पगारदाराच्या बाबतीत शेजाऱ्याची अशी ओळख कामाची नव्हती. मुंबईत २००० साली स्थापन झालेल्या आणि ‘सिबिल’ या नावाने परिचित झालेल्या कंपनीने बँकांकडून कर्जफेडीच्या नोंदी एकत्र करण्यास आरंभ केला. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने या व्यवसायाला चौकट दिली. ३०० ते ९०० या पट्ट्यातला गुणांक, म्हणजे क्रेडिट स्कोअर, प्रथम बँकांनाच दिसत असे आणि ग्राहकाला तो पुढे काही वर्षांनी खुला झाला, ही गोष्ट सुप्याच्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. हप्ता ठरल्या तारखेला भरणे, क्रेडिट कार्डाच्या मर्यादेचा थोडाच भाग वापरणे, थोड्या काळात अनेक ठिकाणी कर्जाचे अर्ज न करणे, यांनी तो हळूहळू सुधारतो. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेले कर्ज मात्र ‘सेटल्ड’ अशा शेऱ्यासह नोंदले जाते आणि पुढच्या अर्जाच्या वेळी आड येते. गुणांक राखण्यासाठी नोंद तपासावी लागते, कारण फेडलेले कर्ज चालू दिसणे किंवा दुसऱ्याचे खाते आपल्या नावावर चढणे असे घोटाळे होतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि २०२४ पासून चुकीविषयीची तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

खासगी सावकाराकडचे व्यवहार मात्र या नोंदींत येत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे त्याचे देणे चोख फेडणारा शेतकरी बँकेच्या दारी गेला की त्याच्या पतीचा इतिहास कोराच निघतो.